सात महिने सीजीएम वापरल्यावर: आकडे चोख, पण अलार्म गप्प राहिला

सीजीएम म्हणजे दंडावर चिकटवून दिवसरात्र शुगर मोजणारा आणि आकडे फोनमधल्या ॲपवर दाखवणारा सेन्सर. त्याला डिसेंबरात चार तारे दिले होते. मार्चमध्ये ते काढून एकच ठेवला. आज तीन देतेय. का, ते सविस्तर लिहिते, कारण घरात इन्सुलिनवरचं माणूस असेल तर हे आधी कळायला हवं.

आई ६९ वर्षांची, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दंडावरचा १४ दिवसांचा सेन्सर आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो कसा लावायचा ते लिहीत बसत नाही. महिन्याला दोन सेन्सर आमच्या घराला जडच जातात. "बोटाला टोचत होते तेच बरं होतं," हे आईचं पालुपद महिनाभर चाललं. पण चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीनंतर शुगर तासाभरात २६० वर गेलेली तिने स्वतः पाहिली आणि बोलणं थांबलं. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून बोटाच्या रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती मार्चमधल्या त्या रात्रीची. सव्वातीनला बाबा पाणी प्यायला उठले, तर आईचा गाऊन घामाने चिंब आणि बोलणं अडखळत. ग्लुकोमीटरवर ४८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ७६. शुगर खूप उतरली की ॲपने अलार्म वाजवायचा असतो; फोन उशाशीच होता, पण त्याचा आवाज आलाच नव्हता. मी ॲप उघडलं आणि डोळ्यांसमोर आलेख भरत गेला: १:५० पासून रेघ ७० च्या खाली. सेन्सरने मधल्या तासांचे आकडे नीट साठवून ठेवले होते. दंडावर माहिती होती, आणि दीड तास ती कोणालाच कळली नाही.

कारण सकाळी सापडलं. दोन दिवसांपूर्वी फोन आपोआप अपडेट झाला होता आणि बॅटरी वाचवायला त्याने ॲप झोपवलं होतं. हेल्पलाइनचं उत्तर: "मॅडम, बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद ठेवा असं पुस्तिकेत दिलंय." तीन फोन, दोन ईमेल, तेच उत्तर. शेवटी म्हणाले, नवा सेन्सर पाठवतो. मी नको म्हटलं, सेन्सरमध्ये दोष नव्हताच. बाबा त्यावर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मी इन्फ्युजन पंपाच्या, म्हणजे ठरावीक वेगाने शरीरात औषध सोडणाऱ्या यंत्राच्या, सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, म्हणून "पुस्तिकेत दिलंय" हे मला पचत नाही. आमच्या कामात वैद्यकीय उपकरणांतले धोके हाताळायचं आयएसओ १४९७१ हे मानक पाळावं लागतं. त्यात धोका कमी करण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी रचनाच अशी करा की धोका उरणार नाही, ते जमेना तर यंत्रातच संरक्षण घाला, आणि सूचना लिहून वापरणाऱ्याला सावध करणं सगळ्यांत शेवटी. वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठीच्या आयईसी ६२३०४ या मानकानुसार ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते ते सी या सगळ्यांत कडक वर्गात जातं. रात्री शुगर उतरल्याचा अलार्म कुठल्या वर्गातला, हे त्या ओल्या गाऊनवरून कोणीही सांगेल. आणि हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असंही नाही. फोनच्या सेटिंगमुळे किंवा अपडेटमुळे मधुमेहाच्या उपकरणांचे इशारे चुकतात, असं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. फोनचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा आणि इशाऱ्यांची सेटिंग महिन्यातून एकदा तरी तपासा, असा सल्लाही दिला होता. पण ६९ वर्षांच्या बाईने दर महिन्याला फोनची सेटिंग चाळायची, यावर कोणाचा जीव टांगून ठेवायचा?

आता दोन तारे का वाढले ते सांगते. जूनमध्ये ॲपची नवी आवृत्ती आली. आता अर्धा तास आकडा आला नाही तर फोन वाजतो, ॲप झोपलेलं असलं तरी. प्रत्येक आकड्याबरोबर ॲप फोनमध्ये पुढच्या अर्ध्या तासाचा गजर लावून ठेवत असावं आणि नवा आकडा आला की तो पुढे ढकलत असावं. आकडे थांबले की गजर होणारच. मी मुद्दाम बॅटरीचं बंधन घालून पाहिलं, अर्ध्या तासाने फोन वाजला. खरंच बरं वाटलं. ज्याने हे केलं त्याने धोक्याचा मनापासून विचार केलाय.

मग फोन बंद करून चालू केला आणि मुद्दाम ॲप उघडलं नाही. दीड तास शांतता. लावलेला गजर फोन बंद होताना पुसला गेला असावा. म्हणजे पहाटे फोन स्वतःहून अपडेट होऊन पुन्हा चालू झाला तर आम्ही मार्चच्याच जागी. हे कंपनीला पायऱ्यांसह लिहून पाठवलंय. हे भोक बुजलं की चौथा तारा देईन.

तोवर फोनचे आपोआप अपडेट बंद केलेत. फोनशिवाय सेन्सरचे आकडे दाखवणारा आणि अलार्म वाजवणारा वेगळा रीडर मिळतो, तो खर्च करून घेतलाय आणि तो बाबांच्या बाजूला ठेवतो. आईही आता झोपताना "किती आली?" असं विचारत नाही. चष्मा लावून आकड्याखालची बारीक वेळ वाचते आणि मला ओरडून सांगते, "दोन मिनिटांपूर्वीची आहे गं."