सौर पंप घ्यावा, की फीडर सौर होण्याची वाट बघावी?

गावात सध्या दोन प्रकारचे शेतकरी भेटतात. एक कोटेशन भरून वर्षानुवर्षं जोडणीची वाट बघणारा, दुसरा डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, लाइट घेणारा पण वीज रात्री येत असल्याने रात्रपाळीला वैतागलेला. दोघेही एकच विचारतात, ‘सौर पंप घेऊ का?’ दोघांना एकच उत्तर देणारा माणूस बहुधा पंपाचा एजंट असतो.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यात दोन योजनांची सरमिसळ होते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पॅनेल तुमच्या वावरात उभे राहतात, विजेच्या तारेशी संबंध नाही. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ मध्ये तुमच्या शेतात काहीच येत नाही. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, त्याची वीज शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीवर, सोडतात आणि तुमचा जुना पंप, जुना स्टार्टर तसाच चालतो, फक्त दिवसा. 2023 साली ही दुसरी आवृत्ती आली आणि वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावच्या 3 मेगावॅट प्रकल्पापासून तिची वीज शेतापर्यंत पोचायला लागली. सरकारला यात रस असण्याचं कारणही साधं आहे. 2003 च्या वीज कायद्यानुसार राज्याचा वीज नियामक आयोग वितरण कंपनीला ठरावीक वाटा अपारंपरिक विजेचा घ्यायला लावतो, आणि या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. शेतीची स्वस्त वीज आजवर कारखान्यांच्या बिलातून भागवली जायची, तो भार त्यामुळे हलका होतो.

पैशाचं गणित आधी उरकून टाकू. सौर पंपाला सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा 5 टक्के. पुढे बिल नाही. पंपाची ताकद मात्र तुम्ही नाही, सातबारा ठरवतो: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यावर साडेसात. तारेवरच्या पंपाचं बिलही सध्या भरावं लागत नाही, कारण ‘बळीराजा मोफत वीज योजने’त साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मार्च 2029 पर्यंत वीज मोफत आहे. म्हणजे साडेसातच्या आत असाल तर बिलावरून निर्णय घेण्यात अर्थ नाही. दहा एचपीवाल्याला ही माफी नाही, आणि साडेसातवर थांबणारा सौर पंपही त्याच्या कामाचा नाही. त्याच्यासाठी फीडरच बरा.

खरा फरक पाण्याच्या धारेत आहे. तारेवरचा पंप लाइट असेपर्यंत एकाच जोराने पाणी ओढतो. सौर पंप सकाळी आळस देत उठतो, दहा ते तीन जोरात चालतो आणि चारनंतर धार बारीक होते. पाटाने पाणी देणाऱ्याला हे चालून जातं. ठिबकवाल्याला मात्र दाब एकसारखा लागतो, धार कमी-जास्त झाली की शेवटच्या नळीला पाणी पोचत नाही. अशा ठिकाणी उंचावर टाकी किंवा शेततळं असेल तर सौर पंपाने दिवसभर ते भरायचं आणि तिथून सोडायचं, ही जोडी चांगली जमते. पावसाळ्यात ढगांमुळे पंप मंदावतो, पण तेव्हा पाण्याची गरजही कमीच असते. अडचण येते ती पावसाने ओढ दिली आणि आभाळ तसंच भरून राहिलं तर.

उलट बाजूही आहे. डीपी जळाली की आठ-पंधरा दिवस ट्रान्सफॉर्मरच्या मागे फिरणं, वर्गणी काढणं, एक फेज गेल्याने मोटार जळणं, हे सौर पंपवाल्याच्या नशिबी नाही. आठवड्याआड रात्रीची पाळी आली की दारं धरायला कोण जाणार, हा जुन्नर-संगमनेरच्या ऊसपट्ट्यात बिबट्यामुळे जिवावरचा प्रश्न आहे. हा प्रश्न दोन्ही योजना सोडवतात, पण एक आज आणि दुसरी तुमचा फीडर यादीत कधी येईल तेव्हा.

दुरुस्तीबद्दल एजंट जरा भरभर बोलतो. योजनेत विम्यासह पाच वर्षांची हमी आहे, पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसवलेले असतात. सहाव्या वर्षी पंप चालवणारा कंट्रोलर गेला तर तो खर्च तुमचा. पुरवठादार तुम्हीच यादीतून निवडता, तेव्हा सर्वात आधी फोन लावणाऱ्याला नाही, तर ज्याचा माणूस तालुक्यात राहतो त्याला निवडा.

मग कोणी काय करावं? ज्याच्याकडे जोडणीच नाही, त्याने सौर पंप घ्यावा, तारेची वाट बघण्यात हंगाम घालवू नये. ज्याच्याकडे चालू जोडणी आहे, त्याला सौर पंपाची योजना मुळात मिळतच नाही. त्याने उपकेंद्रावर जाऊन आपला फीडर सौर प्रकल्पाला जोडला जाणार आहे का, एवढं विचारावं. त्याच्यासाठी तिसरी वाटही आहे: उपकेंद्राजवळ मुरमाड, पडीक जमीन असेल तर ती प्रकल्पाला भाड्याने देणं. हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. जिरायती माळावर एवढं पीक मी तरी पाहिलेलं नाही. बागायती जमीन मात्र यात अडकवू नये, करार पाव शतकाचा असतो.

एक गोष्ट दोन्ही योजनांत मला खटकते. मोफत ऊन आणि मोफत वीज, दोन्ही पाण्याचा उपसा वाढवतात. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 साली सहकारी संस्था करून उरलेली सौर वीज वितरण कंपनीला विकायला सुरुवात केली. पंप बंद ठेवला तर पैसे मिळतात, त्यामुळे पाणी वाचवायला कारण सापडलं. आपल्याकडच्या स्वतंत्र सौर पंपाची उरलेली वीज पॅनेलवरच वाया जाते.

म्हणून अर्ज भरण्याआधी एप्रिल-मेमध्ये विहिरीत दोर सोडून बघा. साडेसातचा पंप दीड तासात तळ गाठत असेल, तर पाण्याचं दुखणं पंप बदलून जाणार नाही.