बायपासच्या सर्किटला कोटिंग कोणतं घ्यावं?

परळ-सायनच्या पालिका रुग्णालयांत असा की खासगीत, वर्षाच्या मागणीपत्रावर हा रकाना आला की पेन अडतं. हार्ट-लंग मशीनच्या सर्किटचा ऑक्सिजनेटर (रक्तात प्राणवायू भरणारा भाग) आणि ट्यूबिंग पॅक (नळ्यांचा संच) कोटिंगचा मागवायचा का, आणि मागवला तर हेपॅरिनचा (हे रक्त गोठू न देणारं औषध) की बिनहेपॅरिनचा? महात्मा फुले योजनेतल्या केसला पॅकेजची रक्कम ठरलेली असते, त्यामुळे प्रश्न पैशाचाही आहेच.

आधी एक गोष्ट पक्की धरा. कोटिंग आहे म्हणून रुग्णाचं हेपॅरिन टळत नाही. किलोमागे ३०० ते ४०० युनिट द्यायचंच आणि एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, जायचं नाही. कोटिंगचं काम वेगळं आहे. रक्त प्लास्टिकला लागलं की काही सेकंदांत फायब्रिनोजेन हे गोठण्याचं प्रथिन त्यावर बसतं, त्याला प्लेटलेट्स चिकटतात, कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) आणि पांढऱ्या पेशी चवताळतात. मोठ्या माणसाच्या ऑक्सिजनेटरमधला पृष्ठभागच साधारण दोन चौरस मीटर भरतो. तिथली ही चिथावणी कमी करायची, इतकंच.

हेपॅरिनचं कोटिंग सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत जास्त तपासलेलं. मेडट्रॉनिकने वापरलेल्या कार्मेडा पद्धतीत हेपॅरिनचा रेणू एका टोकाने पृष्ठभागाला बांधतात. दुसरं टोक मोकळं राहतं, रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला धरतं आणि गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन तिथल्या तिथे निकामी होतं. गेटिंगेच्या बायोलाइनमध्ये हेपॅरिनच्या जोडीला अल्ब्युमिन असतं. बांधणी कशी आहे हे विक्रेत्याला जरूर विचारा, कारण नुसत्या आयनिक बंधाने धरलेलं हेपॅरिन हळूहळू रक्तात सुटतं. अभ्यासांत रक्त चढवण्याची गरज आणि आयसीयूतला मुक्काम काहीसा कमी दिसतो. मृत्युदरात ठाम फरक दिसत नाही.

बिनहेपॅरिनच्यांत टेरुमोचं एक्स-कोटिंग, म्हणजे पीएमईए हा पॉलिमर, आणि लिवानोवाचं फिझिओ, म्हणजे फॉस्फोरिलकोलीन, ही नावं ओळखीची. फॉस्फोरिलकोलीन हा पेशीच्या बाहेरच्या आवरणातलाच घटक, म्हणून रक्ताला पृष्ठभाग परका वाटत नाही. ही कोटिंगं थ्रॉम्बिनशी झगडत नाहीत, प्रथिनांना बसायला जागा देत नाहीत. तास-दीड तासाच्या नेहमीच्या वॉल्व्ह किंवा सीएबीजीला (हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेला) मी हीच घेईन. तिथे हेपॅरिन कोटिंगला जास्त पैसे मोजावे इतका फरक मला दिसत नाही. दिवसेंदिवस चालणाऱ्या एक्मोत (हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्रणेत) मात्र रक्तातलं हेपॅरिन बेतानं ठेवावं लागतं, तिथे ते पैसे मला पटतात.

एचआयटीच्या, म्हणजे हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स घटून गुठळ्या होणाऱ्या, रुग्णाला वादच नाही. प्रतिपिंडं असताना हेपॅरिनचा कणही नको, म्हणजे कोटिंगही नको, लाइन फ्लशही नको. हेपॅरिनऐवजी बायव्हॅलिरुडिनवर केस करताना लक्षात ठेवा, त्या औषधाला थ्रॉम्बिनच कापून टाकतं, म्हणून रक्त जिथे थांबेल तिथे गुठळी होते. रिझर्व्हॉयरमधलं (रक्त साठवण्याच्या टाकीतलं) थांबलेलं रक्त सतत हलतं ठेवा. असा एक बिनहेपॅरिनचा सेट कपाटात कायम हवा.

हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात, म्हणून काही नातेवाईक कोटिंगबद्दल विचारतात. त्यांना सरळ सांगावं, कोटिंग बदललं तरी शिरेतलं हेपॅरिन तेच असतं.

आता ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं ते. 'कोटेड' लिहिलेल्या पॅकमध्ये पुष्कळदा ऑक्सिजनेटर तेवढा कोटेड असतो. अर्धा इंची व्हीनस लाइन, आर्टेरियल फिल्टर, कॅन्युला कोरे. रक्त त्या सगळ्यांतून जातं. त्याहून वाईट कार्डिओटॉमी सक्शन, म्हणजे छातीत सांडलेलं रक्त ओढून परत घेणं. पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या पिशवीत) साचलेल्या रक्ताने टिश्यू फॅक्टर (गोठण्याला चालना देणारं प्रथिन) आणि चरबी उचललेली असते, शिवाय सक्शनच्या टोकाला त्यात हवा मिसळते. असं फेसाळ रक्त थेट रिझर्व्हॉयरमध्ये परत घेतलं की कोटिंगवर खर्चलेले पैसे बरेचसे वाया. रक्तस्राव फार नसेल तर सक्शन हळू ठेवा, नाहीतर ते रक्त सेल सेव्हर या रक्त धुणाऱ्या यंत्रातून धुऊन घ्या. बजेट तोकडं असेल तर मी आधी सक्शनची ही शिस्त बसवेन आणि मग कोटिंगकडे वळेन. प्राइममध्ये (सर्किट आधी भरायच्या द्रवात) अल्ब्युमिन घालणं हाही त्या स्थितीत चालण्यासारखा मार्ग आहे. प्रथिनाचा एक थर तेवढ्यानेही बसतो.

म्हणून मागणीपत्रात नुसतं 'कोटेड सर्किट' लिहू नका. कोणतं कोटिंग, हेपॅरिन आहे की नाही, आणि कॅन्युलापासून फिल्टरपर्यंत कोणकोणते भाग कोटेड हवेत, हे तिन्ही लिहा. दर मागवताना लहान मुलांचे सेट वेगळ्या ओळीत टाका. बाळाचं रक्तच इतकं थोडं असतं की त्या मानाने सर्किटचा पृष्ठभाग फार मोठा पडतो, तिथे पूर्ण कोटिंगवर तडजोड करू नका.