रोममध्ये एकच दिवस: कोलोसियम की व्हॅटिकन?

सोबत आजी आहेत, नऊ-दहा वर्षांचं पोर आहे, आणि परवा सकाळी फ्लॉरेन्सची गाडी. म्हणजे रोमसाठी हातात एकच अख्खा दिवस. कोलोसियम बघायचं की व्हॅटिकन? माझं मत आधीच सांगते: मुलं लहान असतील तर कोलोसियम. मात्र व्हॅटिकन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घेतलंत, तर त्यातली एक संध्याकाळी पदरात पडते.

कोलोसियममध्ये मुलांना फार समजावून सांगावं लागत नाही. हा प्राचीन रोमचा झुंजींचा आखाडा, इ. स. ८० मध्ये टायटस बादशहाच्या काळात सुरू झाला. रिंगणाची लाकडी जमीन बरीचशी गेल्यामुळे खालचे बोळ उघडेच दिसतात. तिथून माणसं रहाट फिरवून जनावरांचे पिंजरे वर चढवत, एवढं सांगितलं की पुढचा अर्धा तास मुलं स्वतःच प्रश्न विचारतात. बाहेरच्या कमानींवर प्रवेशद्वारांचे आकडे कोरलेत, त्यांतले तेवीस ते चोपन्न अजून शाबूत आहेत. चोपन्नमधला चार तिथे चार उभ्या रेघांनी लिहिलाय. नुकतेच रोमन अंक शिकलेल्या आमच्या चिरंजिवांनी ती 'चूक' पकडली आणि दिवसभर मिरवली. भिंतीभर जी भोकं दिसतात ती दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या नंतरच्या लोकांनी उपटून नेल्याची. (त्या काळातलं रोम आपल्याला अगदीच परकं नव्हे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन ब्राँझ मूर्ती आहे, ती तिथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली. मुलांना जायच्या आधी दाखवा.)

आजींचं काय? आत लिफ्ट आहे, त्यामुळे वरच्या मजल्याची अडचण नाही. अडचण आहे ती त्याच तिकिटातल्या रोमन फोरमची, म्हणजे शेजारच्या प्राचीन चौकाच्या अवशेषांची. ओबडधोबड दगडी वाटा, सावली जवळपास नाही, आणि जुलैचं ऊन आपल्या मे महिन्याला लाजवेल असं. फोरम वरच्या रस्त्यावरून पाहून पुढे निघालात तर काही बिघडत नाही.

आता व्हॅटिकन. म्युझियमला तिकीट आहे, सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, फुकट आहे. आणि सिस्टिन चॅपल म्युझियममध्ये आहे, बॅसिलिकेत नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. चॅपल येतं म्युझियमच्या मार्गाच्या जवळजवळ शेवटी. तिथवर पुतळे, गालिचे, नकाशांचं लांबलचक दालन, चित्रकार राफाएलने रंगवलेल्या खोल्या, आणि सगळीकडे खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. मिकेलँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं खपून रंगवलेल्या छताखाली पोचेपर्यंत पोर पेंगुळलेलं असतं. तिथे फोटो काढायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. मोठ्यांना ते छत जन्मभर पुरतं, पण दहा वर्षांच्या मुलाला मान वर करून किती वेळ उभं ठेवणार?

घरात कुणी चित्रं काढणारं असेल, किंवा मुलं कॉलेजात असतील, तर मात्र माझा सल्ला उलटा. म्युझियमच घ्या, कोलोसियम बाहेरून बघा.

खर्चातही फरक पडतो. कोलोसियमचं साधं तिकीट १८ युरो, १८ वर्षांखालच्यांना फुकट. पण मुलाचं शून्य युरोचं तिकीटही आधी काढावं लागतं आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा. व्हॅटिकन म्युझियमचं २० युरो, वर ऑनलाइन बुकिंगचे ५, आणि मुलांना नुसती सवलत. तीन मोठ्यांचे इकडे ५४, तिकडे ७५ आणि मुलाचे वेगळे. जाण्याच्या वेळचे दर अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

म्हणून आमचा दिवस असा होता: सकाळी पहिल्या वेळेचं कोलोसियम, दुपारी हॉटेलवर आडवं होणं, चारनंतर बॅसिलिका. मेट्रोच्या बी लाइनने तेर्मिनी, तिथे ए लाइन बदलून ओत्ताव्यानो. सुरक्षा तपासणीची रांग लागते, पण आत सपाट फरशी आहे आणि उजव्या हाताला शिरताच काचेआड मिकेलँजेलोची 'पिएता', मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प. सासूबाई तिच्यासमोरून बराच वेळ हलल्या नाहीत. घुमटावर मात्र जाऊ नका. लिफ्ट घेतली तरी पुढे ३२० पायऱ्या उरतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-पंजाबी ड्रेसवाल्या निर्धास्त, अडतात ते हाफ पँटवाले बाबा.

खाण्याचं एकच: कडक शाकाहारी असाल तर पेकोरीनो चीज टाळा, त्यात कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं द्रव्य, असतं. बिनचीजचा मारिनारा पिझ्झा मागा. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात.

तुमचा एकुलता एक दिवस रविवारी आला, तर निवड करायची वेळच येत नाही. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर म्युझियम रविवारी बंदच असतं.