पुलाकडचं हॉटेल, साखळी : सकाळचं तोणाक खा, संध्याकाळच्या गोबीच्या वाटेला जाऊ नका

हॉटेलला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. गोव्यात साखळी गावच्या बाजारात उतरून ‘पुलाकडचं हॉटेल’ म्हटलं की कुणीही बोट दाखवील. आत सहा टेबलं, गल्ल्यावर मामा, चुलीकडे मामी. मी इथे गेली तेरा वर्षं जवळजवळ रोज जाते, त्यामुळे हे काही एका भेटीवरून लिहिलेलं नाही. आणि फुकट चहाच्या बदल्यातही नाही. मामा माझ्याकडून चहाचे पैसे घेतात, मी त्यांच्याकडून पिग्मीचे घेते.

हो, मी पिग्मीवाली, दुकानादुकानातून रोजची बचत गोळा करणारी. बाजारात रोज साठेक दुकानं फिरते, कुणाचे वीस, कुणाचे शंभर, मशीनमधून पावती काढून द्यायची आणि पुढे चालायचं. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली दोन आण्यांपासून ही पद्धत सुरू केली म्हणतात. ती बँक आता कॅनरात गेली, पण पिग्मी काही गेली नाही. या धंद्याचा एक फायदा असा की बाजाराची तब्येत कुठल्याही पेपरात यायच्या आधी मला कळते. शंभराचे पन्नास झाले की समजायचं. ‘फाल्यां यो गो’ (उद्या ये गं) असं तीन दिवस ऐकू आलं की नक्की समजायचं.

आधी खाण्याचं बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल परीक्षण कुठे आहे.

इथे सकाळी तीन गोष्टी मिळतात: पातळ भाजी, सुकी भाजी आणि तोणाक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं दाट कालवण. पातळ भाजी बरी, म्हणजे गोव्यातल्या कुठल्याही बऱ्या हॉटेलसारखी. सुकी बटाट्याची कधी चांगली, कधी नुसती पिवळी. पण अळसांद्याचं, म्हणजे चवळीचं, तोणाक! खोबरं मामी स्वतः भाजतात, तांबूस होईपर्यंत, काळं होऊ न देता. धणे, मिरी, सुक्या मिरच्या सगळं त्याच तव्यावर. वाटण मिक्सरमध्येच होतं, पाट्याबिट्याची गोष्ट मी सांगणार नाही. पण अळसांदे फुटत नाहीत आणि कच्चेही राहत नाहीत, आणि रस इतपत दाट की उंड्याचं, म्हणजे आमच्या गोल पावाचं, कडक साल त्यात बुडवलं तर मऊ व्हायला जरा वेळ घेतं. तोणाकाबरोबर उंडाच मागा, साधा पाव नको. पोदेराचा (पाववाल्याचा) दुसरा फेरा साडेआठला येतो, त्याचा भोंगा ऐकला की मी रस्त्याच्या पलीकडच्या दुकानातला हिशेब आटोपता घेते. दोन उंडे, तोणाक, चहा: साठ रुपये. मिर्ची घेतलीत तर वेगळे. घ्या, पण गरम असेल तरच. सकाळी तळलेली मिर्ची अकरा वाजता परत तेलात घालून देतात, हे मी मामांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

दुपारची थाळी मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासळीची. उकड्या तांदळाचं शीत, हुमण (मासळीचं कालवण), किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एक भाजी, सोलकढी. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असतात, ती चावू नका, बाजूला काढा. जून-जुलैत, समुद्रातली मासेमारी एकसष्ट दिवस बंद असते तेव्हा, इथली थाळी मला जास्त आवडते. कारण मामा बर्फातल्या परराज्यातल्या मासळीच्या मागे न लागता सरळ सुक्या बांगड्यावर आणि गालम्याच्या, म्हणजे सुक्या जवळ्याच्या, किस्मुरीवर येतात. बाहेर पाऊस, आत भाजलेल्या खाऱ्या मासळीचा वास. तो ज्याला सोसत नाही त्यानं त्या दिवसांत येऊच नये.

गंमत म्हणजे साखळीचा आठवड्याचा बाजार सोमवारी. म्हणजे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्याच दिवशी, आणि सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी! दुसरा कुणी असता तर गर्दीच्या दिवशी मासळी लावून मोकळा झाला असता. मामांकडे सोमवारी खतखतं आणि मुगागाठी. सत्तरी तालुक्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बायका दीडच्या सुमाराला टोपल्या बाहेर ठेवून जेवायला बसतात आणि मीठ कमी असेल तर आतपर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. त्यामुळे सोमवारी मीठ कमी नसतं.

आता थोडं मागचं. हे हॉटेल मुळात तोणाकावर नाही, ट्रकांवर उभं राहिलं. डिचोली-साखळीच्या लोहखनिजाच्या खाणींवरून निघालेला माल आमोण्याच्या धक्क्यावर बार्जेसमध्ये पडायचा, आणि ट्रकवाला पहाटे पाचला पहिली खेप धरायच्या आधी इथे खाऊन जायचा. मामांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा रोजचे दोनशे उंडे लागत. २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. आमच्या अंगणातही एक टिपर ट्रक उभा राहिला, हप्त्यासकट. पहिल्या पावसात त्याच्या चाकांभोवती गवत आलं, दुसऱ्या पावसात हौद्यात टायकिळा (टाकळा) उगवला. नवरा म्हणाला, निदान भाजी तरी सुटली. मी त्याच वर्षी पिग्मीची पिशवी खांद्याला लावली.

म्हणजे मी बाजारात आले तीच मंदीत. टायरवाल्याचं खातं पाचशेवरून पन्नासावर आलेलं, गॅरेजं अर्धी बंद, स्पेअर पार्टच्या दुकानात शाळेच्या छत्र्या टांगलेल्या. २०१४मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. जरा धुगधुगी आली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयानं अठ्ठ्याऐंशी लीजं रद्द केली. १६ मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. मग कोविड. मामांचे दोनशे उंडे चाळीसवर आले, आणि पिग्मी कशीबशी तीस.

या सगळ्या काळात मामांनी एकच गोष्ट केली, आणि हॉटेलच्या परीक्षणात ती बसते की नाही मला ठाऊक नाही: उधारीची वही बंद केली नाही. ड्रायव्हर येत, खात, लिहून जात. काही परत आलेच नाहीत. एक जण मात्र मुंबईला कुठल्या कंपनीत लागला आणि २०१९च्या चवथीला (गणपतीला) गावी आला तेव्हा सहा वर्षांपूर्वीचे चौदाशे रुपये देऊन गेला. मामांना रक्कम आठवत नव्हती, त्याला होती. वहीतलं पान बघितलं तर बाराशेऐंशी निघाले. वरचे एकशेवीस परत करण्यावरून दोघे भांडले आणि शेवटी त्याचं तोणाकच बांधून दिलं.

डिचोलीचा खाणपट्टा डिसेंबर २०२२च्या लिलावात गेला, तेव्हापासून ‘आता सुरू होणार’ हे वाक्य मी टेबल नंबर तीनवर इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मेन्यूकार्डावर छापावं. मोजके ट्रक परत दिसतात, पण जुने दिवस नाहीत. आमचा टिपर तोवर भंगारात गेला होता.

टेबल नंबर तीन म्हणजे बाजाराची बिनपगारी कचेरी. अकरा वाजता कापडवाला, स्टेशनरीवाला, सोनार आणि एक निवृत्त मास्तर तिथे असतात. सोपो (बाजारातल्या जागेचा कर) कोण किती घेतो, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन येणाऱ्यांना यंदा कुठे बसवणार, भाव चढल्यावर सोनाराकडे लोक घ्यायला येतात की विकायला, सगळं तिथे कळतं. कापडवाल्याचं दुखणं वेगळं: पोरं दुकानात येऊन कापडाचा फोटो काढतात आणि मोबाईलवरून मागवतात. परवा एकानं तर पार्सल यायचा पत्ता त्याच्याच दुकानाचा दिला. ‘घरीं कोण ना’ म्हणाला. कापडवाल्यानं घेऊन ठेवलं पार्सल. करतो काय, गिऱ्हाईकाची आई लग्नाच्या साड्या त्याच्याकडेच घेते.

आणि आता नदी. हॉटेलच्या मागे वाळवंटी आहे. ‘आहे’ म्हणायचं, कारण आता आतून ती दिसत नाही. पूर्वी मागच्या दारातून चार पायऱ्या उतरलं की पाणी. खिडकीजवळच्या टेबलावरून पलीकडचा काठ दिसायचा, आणि मोठ्या पावसात पाणी किती चढलं हे चहा पिता पिता कळायचं. नदीकाठाचं काम निघालं तेव्हा मागे संरक्षक भिंत आली. वर पेव्हर, कठडा, दिवे. ठेकेदाराच्या माणसानं ‘दोन आठवडे’ सांगितले होते. हॉटेलच्या दारात फळी टाकून लोक अडीच महिने आत येत होते. धुळीमुळे मामी पातेली झाकून झाकून कंटाळल्या. मामांनी त्या काळात पिग्मी बंद केली नाही, दहावर आणली. मला दहाची पावती फाडताना कसंतरी झालं, पण मशीनला दहा आणि हजार सारखेच.

भिंत नको होती असं मी म्हणणार नाही. साखळीत पुराचा जाच काय असतो ते आम्हाला विचारा. वर अंजुणे धरणाचं पाणी सोडलं, खालून मांडवीची भरती चढली आणि मधे आमच्यावर पाऊस धरला, की वाळवंटी गावच्या गटारांपेक्षा उंच होते. मग नदीकडच्या नाल्यांची दारं बंद करून बाजारातलं पाणी पंपानं नदीत फेकावं लागतं. हॉटेलच्या आतल्या भिंतीवर मामांनी कोळशानं तीन रेघा मारल्या आहेत, सगळ्यात वरची माझ्या कमरेला लागते. त्यामुळे भिंत हवीच. पण भिंतीत एक खिडकी, एक झरोका, काहीतरी ठेवता आलं असतं का, एवढं तरी हॉटेलवाल्याला आधी विचारायला हवं होतं. नदी बघायला आता लोक संध्याकाळी पेव्हरवरून फिरतात, आणि जे तिच्या काठावर चाळीस वर्षं बसले त्यांना ट्यूबलाईट लावून बसावं लागतं. दिवसा अकरा वाजता.

या फिरणाऱ्यांमुळेच हॉटेलची संध्याकाळ बदलली, आणि इथे माझी तक्रार आहे. मामांच्या मुलानं सहानंतर गोबी मंच्युरियन आणि नूडल्स सुरू केले. फिरायला येणाऱ्यांना ‘बाहेरचं काहीतरी’ लागतं असं त्याचं गणित. गणित चुकीचं नाही, टेबलं भरतात. पण गोबी लालभडक, पिठाचाच गोळा, आत फ्लॉवर शोधावा लागतो. २०२४च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेनं बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंच्युरियनवर बंदी घातली तेव्हा आम्ही टेबल तीनवर पोट धरून हसलो होतो. ही गोबी खाल्ल्यावर मला त्या नगरसेवकांचं म्हणणं पटलं. मुलाला मी सांगितलं, ‘अरे बाबू, तेच सहाला गरम मिर्ची काढ, आईचं तोणाक ठेव, कठड्यावर बसून लोक खातील.’ तो म्हणाला, ‘मावशी, तोणाकाचो फोटो बरो येना.’

स्वच्छतागृहाचंही लिहिते, कारण बाजारात दिवसभर फिरणाऱ्या बाईला तोणाकाइतकीच ती गोष्ट महत्त्वाची. जुनं मागे होतं, ते कामात गेलं. नवं बाजूच्या बोळात आहे. पाणी आहे, बादली आहे, दिवा आहे. आतली कडी तीन महिने सैल होती, दाराला पाय लावून बसावं लागे. गेल्या आठवड्यात नवी बसवली. बाजारातल्या फुलवाल्या, भाजीवाल्या सगळ्या तिथेच जातात, मामी कुणाला नाही म्हणत नाहीत, साबणही ठेवतात. त्यासाठी एक तारा जास्त.

गाडी दारात लावायला जागा नाही, पूर्वी होती. पुलाच्या अलीकडे लावून चालत या. पैसे मोबाईलवरून चालतात, पण यंत्राचा आवाज इतका मोठा आहे की तुम्ही किती रुपयांचं खाल्लं ते सगळ्या गिऱ्हाइकांना कळतं.

त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला नदीत सोडलेल्या सजवलेल्या नौका बघायला येणार असाल तर त्या रात्री हॉटेल उशिरापर्यंत उघडं असतं. वर्षातली ती एकच रात्र मी संध्याकाळची शिफारस करीन, कारण त्या दिवशी मुलगा गर्दीत नौका बघायला जातो आणि चूल मामींच्या ताब्यात असते. गेल्या खेपेला साडेअकराला गेले तर मामा खुर्ची बाहेर काढून, भिंतीच्या वर पेव्हरवर ठेवून नदीकडे बघत बसले होते. मला म्हणाले, ‘बस गो बाय, हांगा थावन बरें दिसता.’ मग आठवण झाल्यासारखं खिशात हात घालून त्या दिवसाची पिग्मी काढली. पन्नास. मी मशीन घरी ठेवून आले होते. पावती दुसऱ्या दिवशी दिली.