बिनकेसाचं मांजर मालवणात: दहा महिन्यांनंतर

स्फिंक्स, म्हणजे बिनकेसाच्या जातीचं मांजर, आणून दहा महिने झाले म्हणून लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळे "केस गळत नाहीत, काही करावं लागत नाही" एवढंच सांगायचे. केस गळत नाहीत, खरंय. पण बाकी मांजरांच्या अंगाचं तेल केसांत मुरतं, हिला केसच नाहीत तर ते सगळं आमच्या चादरीवर. पांढरी चादर आठ दिवसांत भजी ठेवलेल्या पेपरासारखी.

शोधण्यात दोन महिने गेले. एकाने फोटो पाठवून अ‍ॅडव्हान्स मागितला, व्हिडिओ कॉल कर म्हटल्यावर गायब. शेवटी पुण्याला जाऊन पिल्लाची आई बघितली, आईबापाच्या हृदयाच्या इकोचे रिपोर्ट मागितले (या जातीत हृदयाचे स्नायू जाड होतात, आणि रिपोर्ट चांगला म्हणजे पुढे होणारच नाही असंही नाही), मग पैसे दिले. घरी आणली तर सासूबाई, "ह्येका कोणी सोलल्यान गो?"

दर रविवारी कोमट पाण्याने आंघोळ. कानात तपकिरी मळ, मी किडे समजून डॉक्टरकडे धावले, तर तो नेहमीचाच. नखांच्या मुळाशी पण तसलंच चिकट, ओल्या कापसाने एकेक बोट दाबून पुसायचं, तेवढ्यात ती चावते. पावसात मानेच्या घड्या कोरड्या केल्या नाहीत की कुबट वास. जुलैत सासूबाईंनी प्रेमाने खोबरेल चोळलं आणि चार दिवसांत हनुवटीवर काळे ठिपके, पाठीवर पुटकुळ्या! तेल बंद, बरं व्हायला तीन आठवडे.

या जातीची सुरुवात १९६६ साली टोरांटोत जन्मलेल्या बिनकेसाच्या पिल्लापासून सांगतात, म्हणून मला वाटलं कॅनडावाली आहे, थंडी सोसेल, आणि कोकणात थंडी असते कुठे. पण ऑगस्टच्या झडीत बाईसाहेब दिवसभर इन्व्हर्टरवर. नवऱ्याच्या जुन्या बनियनचे दोन झगे शिवले. उलट मार्चमध्ये खळ्यात उन्हात झोपली तर खांदे लालबुंद, आता दुपारी दार बंद.

आणि अ‍ॅलर्जीवाल्यांनो, फसू नका. अ‍ॅलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रोटीनची असते. नवरा अजून शिंकतो, तरी रात्री तीच त्याच्या पांघरुणात, गरम पाण्याच्या पिशवीसारखी.

खाते मात्र आधीच्या बोक्याच्या दीडपट, मासेवालीची हाक आली की दारात आमच्या आधी हजर. इको इथे होत नाही, पुढच्या शुक्रवारी गोव्याला न्यायचीय, गाडीत ओरडणार ते वेगळंच.