बंदी-पुनर्वसनात संशोधन करायचंय: आधी पीएचडी की आधी काम?

नाशिकमध्ये एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून कारागृह आणि सुटकेनंतरचं आयुष्य या विषयात प्राध्यापकी करू पाहणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: लगेच पीएचडी, नाहीतर दोन-तीन वर्षं प्रत्यक्ष काम आणि मग पीएचडी.

लगेच पीएचडी करण्यामागचं खरं कारण वय. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठीच्या फेलोशिपला, खुल्या गटात ३० वर्षांची मर्यादा आहे. महिला आणि राखीव गटांना सवलत मिळते. फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००. घर चालवायचं असेल तर हा आकडा दुर्लक्षून चालत नाही. नेट गुन्हेगारीशास्त्रातही देता येते, पण त्याचे स्वतंत्र विभाग मोजकेच. नोकरीचा विचार करता नेट समाजकार्यात द्यावी, प्रबंध कारागृहावर लिहावा, असं मी सांगेन.

या वाटेवर अडचण येते ती परवानगीची. कारागृह विभागाकडे अर्ज करून थांबावं लागतं आणि तोवर फेलोशिपचे महिने सरत असतात. आत गेल्यावरही शेजारी शिपाई उभा असेल तर बंदी किती मोकळं बोलणार?

कामाची वाट मला जास्त मोलाची वाटते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या पुनर्वसनाचं हेच काम करतोय. अशा कामात प्रबंधाचा प्रश्न हाती लागतो. नाशिकरोड कारागृहातल्या पैठण्या, गणेशमूर्ती, मुक्त विद्यापीठाच्या पदव्या आपल्याला ठाऊक असतात. पण वर्षानुवर्षं एका जागी राहणाऱ्या, शिक्षा झालेल्या बंद्यांनाच त्यांचा खरा लाभ होतो. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. कच्च्या कैद्याची सुटका कधी होईल, हे त्यालाही माहीत नसतं. जामीन झाला की संध्याकाळी तो फाटकाबाहेर; पुढे काय, याची कुणी आखणी केलेली नसते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागायचं तर पोलीस पडताळणी आड येते, खोली घ्यायची तर घरमालक विचारतो, आधी कुठे होता? पुनर्वसनाचा अभ्यास या माणसापासून सुरू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आणि तो बाहेर असल्यानं त्याच्याशी बोलायला जेलची परवानगीही लागत नाही. त्याची स्वतःची संमती मात्र हवीच.

पंचविशीच्या आत असाल तर आधी काम करा. अठ्ठावीस ओलांडली असेल आणि जेआरएफ हवी असेल तर थेट पीएचडीला लागा, पण विषय सुटलेल्यांचा घ्या. नोकरी सोडणं शक्यच नसेल तर २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र आधीच मागून ठेवा.