फसफसणारी इम्युनिटी: एका संत्रा-ट्यूबचं परीक्षण

पाण्यात विरघळवून प्यायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची ही ट्यूब दिसायला देखणी आहे. उंच, पांढरी, वर नारिंगी टोपण. अंगावर ढाल छापली आहे आणि ढालीवर आपटून मागे फिरणारा तो काटेरी हिरवा गोळा, जो २०२० नंतर बालवाडीतलं पोरही ओळखतं. कोरोनाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. मागच्या बाजूला, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं आहे. म्हणजे चित्र एक सांगतं आणि मजकूर दुसरंच!

घरात सगळ्यांना सर्दी-खोकला लागला होता. सूनबाई म्हणाली, “आई, येताना ती संत्र्याची ट्यूब आणाल का?” डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये ती काउंटरवरच, चॉकलेटांच्या बरणीशेजारी उभी असते. वीस गोळ्या, एमआरपी ३९०. दुकानातल्या मुलाने दहा टक्के कमी केले आणि वर ऐकवलं, “काकू, कोविडमध्ये डॉक्टर हेच तर देत होते.”

देत होते, खरं आहे. क जीवनसत्त्व, झिंक आणि आठवड्याची ड ची पुडी हे त्रिकूट त्या दोन वर्षांत पुण्यातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर होतं. पण मे २०२१ च्या अखेरीस केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सौम्य कोविडसाठीच्या सूचना सुधारल्या, तेव्हा आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसोबत झिंक आणि मल्टिव्हिटॅमिनही यादीतून काढून टाकले. ताप-खोकल्याची औषधं तेवढी उरली. चिठ्ठ्या घरोघरी पोचल्या, ही सुधारणा काही पोचली नाही.

माझी उभी नोकरी भोसरीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये गेली, त्यामुळे गोळी पोटात जाण्याआधी ती तपासायची खोड आहे. फसफसणारी गोळी साध्या पाण्यात पाच मिनिटांच्या आत विरायला हवी, असा फार्माकोपियाचा, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथाचा, दंडक आहे. ही दोन मिनिटांत विरली. तळाशी गाळ नाही, कडेला पिवळसर तवंग किंचित. टोपणात सिलिका जेल व्यवस्थित भरलेलं, आणि ते हवंच, कारण सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा एकाच गोळीत शेजारी बसवलेले असतात. जरा दमट हवा लागली की ग्लासात व्हायचं ते ट्यूबमध्येच सुरू होतं. कोथरूडच्या जुलैत टोपण नीट न लावता ठेवून पाहा. क जीवनसत्त्व खराब होऊ लागलं की गोळीवर तपकिरी ठिपके येतात. माझ्या ट्यूबमध्ये एकही नव्हता. चव बरी आहे, फक्त सुक्रालोजची गोडी जिभेच्या मागे रेंगाळते. बनावटीबद्दल माझी तक्रार नाही. माल चोख आहे.

आता आत काय आहे ते बघू. एका गोळीत क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम, झिंक १० मिलिग्रॅम, ड३ ४०० युनिट. राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआर-एनआयएन) २०२० मध्ये ठरवलेली क ची रोजची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम आहे. हजार म्हणजे बारा-पंधरा पट. तेवढं एकदम घेतलं की आतडं निम्म्याच्या आसपासच शोषतं आणि रक्तात जास्तीचं गेलंच तर मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर एवढा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण क चा काही भाग शरीरात ऑक्झलेट होऊन निघतो. ड चा घोळ वेगळा. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जेवणाबरोबर घेतलेलं बरं. ट्यूबवर मात्र ‘सकाळी उठल्यावर एक ग्लास पाण्यात’. रिकाम्या पोटी झिंकने मळमळतं ते निराळंच, सूनबाईला मळमळलं.

आणि सोडियम! फस्स होण्यासाठी जो सोडा लागतो, त्यातून ते येतं. लेबलवर एका गोळीत २८० मिलिग्रॅम लिहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. आमच्या ह्यांना बीपी आहे, लोणचं-पापड बंद करून वर्षं झाली, आणि हे तब्येतीसाठी म्हणून रोज हौसेने ग्लास रिचवत होते. मी लेबल वाचलं त्या दिवशी त्यांचा ग्लास बंद झाला.

मुख्य प्रश्न ढालीचा. माणसाला होणारे कोरोनाविषाणू सात माहीत आहेत. त्यांतले चार, म्हणजे २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१, बहुतेकदा साधी सर्दीच देतात. उरलेले तीन सार्स, मर्स आणि कोविडचे. जीवनसत्त्वं यांना रोखतील ही कल्पना कुणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून आलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ड च्या सक्रिय रूपाने कोविडच्या विषाणूची वाढ कमी झालेली दिसली आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर आकडेमोड करून दाखवलं की अ, ड आणि के गटातले रेणू विषाणूच्या काट्यावरच्या एका खाचेत बसू शकतात. काम चांगलं आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. पण किल्ली कुलपात शिरली म्हणजे दार उघडलं असं होत नाही. पेशींच्या थाळीत आपण हवं तेवढं औषध ओततो, रक्तात तेवढं पोचायला तर हवं.

माणसांवर करून पाहिलं तेव्हा हाती फार थोडं लागलं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने घरी उपचार घेणाऱ्या २१४ कोविड रुग्णांवर चाचणी घेतली. काहींना रोज ८ ग्रॅम क, काहींना ५० मिलिग्रॅम झिंक, काहींना दोन्ही, काहींना नेहमीचे उपचार. लक्षणं लवकर गेली नाहीत, आणि पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. आठ ग्रॅम म्हणजे माझ्या ट्यूबमधल्या आठ गोळ्या, रोज. ब्राझीलमध्ये दवाखान्यात दाखल रुग्णांना ड चे दोन लाख युनिट एकदम दिले, मुक्काम कमी झाला नाही. नॉर्वेत चौतीस हजारांच्या आसपास लोकांना थंडीभर कॉड लिव्हर ऑइल किंवा साधं तेल दिलं, कोविड होण्यात फरक पडला नाही.

साध्या सर्दीपुरतं क च्या पदरात थोडं पुण्य आहे. लायनस पाउलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला माणूस १९७० पासून त्याची तळी उचलून होता, म्हणून त्यावर चाचण्याही भरपूर झाल्या. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये त्यांची गोळाबेरीज केली. रोज घेणाऱ्यांना सर्दी व्हायची तेवढीच होते, फक्त मोठ्यांची सुमारे ८ आणि मुलांची १४ टक्के लवकर आटपते. नाक वाहायला लागल्यावर सुरू केलं तर खात्रीचा फायदा नाही. आणि ट्यूब आणायला आपण जातो ते नाक वाहायला लागल्यावरच.

ज्याच्या शरीरात मुळात कमतरता आहे त्याची गोष्ट वेगळी. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१७ च्या मोठ्या विश्लेषणात रोज किंवा दर आठवड्याला ड घेतल्याने श्वसनाचे संसर्ग काहीसे कमी झालेले दिसले, आणि सर्वांत जास्त फायदा रक्तातली पातळी मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्याही खाली असलेल्यांना. नंतरच्या आणखी चाचण्या धरल्यावर तो फायदा बराच विरळ झाला. तरी कमतरता ती कमतरताच, हाडांसाठी भरून काढावीच लागते. आमच्या सूनबाईची पातळी ९ निघाली. स्कूटरवर डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, दिवसभर हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत. ऊन लागणार कुठून? डॉक्टरांनी तिला ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी दिली, जेवणानंतर दुधातून. ती भर ४०० युनिटच्या सरबताने कधी निघाली असती देव जाणे. आणि मनानेच साठ हजारी पुड्या खाणाऱ्यांनी कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाचं काय होतं ते आधी विचारून घ्यावं.

राग येतो तो एवढ्याचाच की ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) आहे, ज्याच्या मांजरी भागात कोविशील्ड लस बनली, तिथे बूस्टरला कंटाळलेले लोक ढालीचं चित्र पाहून साडेतीनशे रुपये मोजतात. मंडईतल्या एका मध्यम पेरूत दोनेकशे मिलिग्रॅम क निघतं. दात शिवशिवत नसतील तर चघळायच्या साध्या ५०० च्या गोळ्यांची स्ट्रिपही याच दुकानात, ट्यूबच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या भावात मिळते. ती मात्र काउंटरवर ठेवत नाहीत, मागच्या खणातून मागून घ्यावी लागते.

सरबत म्हणून साडेतीन तारे. कोरोनाविरुद्धची ढाल म्हणून एकही नाही. बीपी, मुतखडा किंवा किडनीचा विकार असलेल्यांनी लांबच राहावं, लहान मुलांना तर हजाराची गोळी देऊच नये. दुकानाला मात्र चार: न मागता पक्कं बिल देतात, एक्सपायरी स्वतःहून दाखवतात आणि न उघडलेली दुसरी ट्यूब कुरकुर न करता परत घेतली.